छावणींतील पत्र आणि इतवारींतील वही

पेशवाईंतील एखाद्या शिलेदारानें घरच्या कर्जाविषयीं लिहिलेला कागद सांपडला, तर आपण तो आदरानें छापतों. दुसऱ्या महायुद्धांत (१९३९–४५) भरती झालेल्या शिपायाचीं त्याच मजकुराचीं कार्डें मात्र रद्दींत जातात. हीं पत्रें इतिहासाचें साधन आहेत, आणि त्यांचा जोडपुरावा नागपुरापुरता तरी इतवारी पेठेंत शोधला पाहिजे, इतकेंच प्रस्तुत लेखाचें म्हणणें आहे.

कामठीची छावणी १८२१ सालची. इतवारीपासून सुमारें ५ कोस. १९१७ सालीं उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ त मोडली. त्यानंतर वीस वर्षांनीं, १९४१ च्या ऑक्टोबरांत, नव्या महार पलटणीची पहिली तुकडी बेळगांवास उभी राहिली आणि पुढें दुसरी कामठीस. ज्या घरांतून हे रंगरूट आले, त्यांपैकीं नागपूरच्या आसपासच्या घरांचा धान्याचा, कापडाचा व दागिन्यांचा बाजार म्हणजे रविवारच्या बाजारावरून नांव पडलेली इतवारी. कवायत शिकणाऱ्या मुलाला घर इतकें जवळ. तरी रजेवांचून तेथें जातां येत नसे. मग मुलखापार गेलेल्या शिपायाप्रमाणेंच त्यालाही संसार पत्रानें चालवावा लागे.

अशा पत्रांत रणकथा शोधूं नयेत. मनीऑर्डर पोंचली काय, गहाण सोडविलें काय, बैल विकला कीं ठेवला, बहिणीचें लग्न कोठें ठरलें, हाच त्यांचा विषय. याला मोठें प्रमाण पहिल्या महायुद्धाचें आहे. फ्रान्समधील हिंदी सैनिकांची पत्रें तपासणाऱ्या कचेरीनें त्यांतील उतारे इंग्रजींत उतरवून अहवाल केले. या कचेरीचे प्रमुख कॅप्टन एव्हलिन हॉवेल हे होते. ते अहवाल लंडनला इंडिया ऑफिसच्या संग्रहांत आहेत, आणि त्यांत पैसा, जमीन व विवाह यांचीच गोष्ट पुनःपुन्हां येते. मूळ पत्रें मात्र तपासणीनंतर आपापल्या घरीं गेलीं. भाषांतर विलायतेंत राहिलें. शिपायाचे स्वतःचे शब्द उरले असतील तर ते आपल्याच पेट्यांत.

पत्र हातीं आल्यास प्रथम टपालाचा शिक्का पाहावा. शिक्षणकाळांतील पत्रावर साध्या टपालकचेरीचा शिक्का असतो. पलटण परदेशीं गेल्यावर गांवाचें नांव जाऊन रणटपालाचा केवळ क्रमांक व तपासनिसाची खूण राहते. तिकिटांचे शौकीन नेमका हाच कोपरा कापतात, आणि पत्राची मिति व ठिकाण दोन्ही त्याबरोबर जातात. मनीऑर्डरीच्या कागदांचेंही असेंच आहे. निरोपाचें कूपन घरीं राही; अंगठ्याची किंवा सहीची पोंच शिपायाकडे परत जाई. दोन्ही एकत्र सांपडणें हा योग विरळा. मिति नसलेल्या पत्रास मजकूरच साक्ष देतो: एक रुपयाच्या नोटेचा उल्लेख असेल तर युद्धकाळांत तो १९४० नंतरचा, कारण १९२६ त बंद झालेली ती नोट १९४० त पुन्हा निघाली, कापडावर छापलेल्या किंमतीची गोष्ट असेल तर ती १९४३ च्या कापड व सूत नियंत्रणाच्या हुकुमानंतरची.

परंतु पत्र हा अर्धाच पुरावा आहे. मुलानें “गोठ सोडवा” असें लिहिलें. ते सुटले काय, हें सराफाची वहीच सांगेल. येथें कालगणनेचा फेरा लक्षांत ठेवावा. संवत् २००० च्या ज्येष्ठांतील नोंद चैत्रादि गणनेनें १९४३ ची, कार्तिकादि गणनेनें १९४४ ची. शिवाय मारवाडी पौर्णिमान्त महिना धरल्यास आपला ज्येष्ठ वद्य तेथें आषाढ वद्य होतो. एवढें न पाहतां पत्र व वही जुळवल्यास मुलानें पैसे पाठविण्यापूर्वींच गहाण सुटल्याचें दिसेल, आणि दोष आपल्याकडे असतां आपण तो सराफास किंवा बापास लावूं.

तिसरा धागा न्यायालयांतला. सैनिकांच्या दाव्यांविषयींचा कायदा १९१८ त झाला व १९२५ त नव्यानें मांडला गेला. सैनिक युद्धपरिस्थितींत सेवेवर आहे आणि न्यायासाठीं तहकुबी आवश्यक आहे, असा नेमलेल्या अधिकाऱ्याचा दाखला आला कीं, त्याच्याविरुद्धचा दावा तहकूब होई. सावकारानें घरावर दावा लावल्याचें पत्रांत दिसलें, तर त्या वर्षाची मिसल अवश्य धुंडाळावी. शिपायाच्या अनुपस्थितींत त्याचें घर राहिलें कीं गेलें, याचा निकाल तेथेंच मिळेल.

संग्राहकांस विनंति इतकीच. लिफाफा पत्रापासून तोडूं नये. ज्या गठ्ठ्यांत पत्र होतें तो गठ्ठा फोडण्यापूर्वीं त्याचा क्रम लिहून ठेवावा. घरच्यांच्या संमतीवांचून नांवें छापूं नयेत. आणि जुन्या पेढींतून वह्या रद्दीस निघत असल्याचें कानीं आलें, तर १९३९ ते १९४५ च्या तरी आधीं मागून घ्याव्यात. पत्र एका पेटींत आणि वही दुसऱ्या दुकानांत पडली आहे. दोहोंपैकीं एक गेलें कीं दुसरें मुकें होतें.