थंडीतली सकाळ आणि डिझेलचा पंप

आजचा विषय कळल्यावर काहींनी मला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात ट्रॅक्टरचा पंप कुठून आला? तर सांगतो. आमचं गाव निफाड तालुक्यातलं. डिसेंबर-जानेवारीत तिथे पारा किती उतरतो ते द्राक्षवाल्यांना विचारा. रात्री बागेत शेकोट्या पेटवून बसावं लागतं. अशा सकाळी आमचा जुना ट्रॅक्टर काही केल्या सुरू व्हायचा नाही. वडील तो रात्रीच उतारावर लावून ठेवायचे. एका वर्षी फिटरने निदान केलं, "पंप गेला." पंप उतरवला, शहरात पाठवला, बिल भरलं, आणि परत बसवला तरी ट्रॅक्टर तसाच. शेवटी दोष सापडला बॅटरीच्या अर्थिंगच्या वायरीत. तिचं टोक गंजलेलं होतं.

पंपावरच आळ का आला? तो फिटर काही अडाणी नव्हता. या संशयाला जुना इतिहास आहे, आणि तो बहुतांशी जर्मनी, अमेरिका आणि इंग्लंडमध्ये घडलेला आहे.

मुळात डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण सोळा पट दाबायची, ती दाबाने तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारायचा. म्हणजे पेटण्याची सगळी भिस्त उष्णतेवर. थंडीत लोखंड गार, तेल घट्ट, बॅटरी मलूल. सेल्फ इंजिनाला मिनिटाला शे-दीडशे फेरेच देतो. इतक्या संथपणे दाबलेली हवा रिंगांमधून निसटते, आणि उरलेली आपली उष्णता सिलेंडरच्या भिंतींना देऊन टाकते.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 मध्ये आउग्सबुर्गला चाललं, पण त्यात इंधन आत ढकलायला दाबलेली हवा लागायची, आणि त्यासाठी भला मोठा कॉम्प्रेसर. ते शेतात नेण्यासारखं नव्हतंच. शेतात आला तो 1921 चा लान्झ बुलडॉग, हॉट बल्बवाला. त्याच्या डोक्याखाली ब्लोलॅम्प धरून ते तापवायचं, मग स्टिअरिंगचं चाक काढून बाजूला घालायचं आणि त्यानेच इंजिन फिरवायचं! अमेरिकेत कॅटरपिलरने 1931 च्या डिझेल ट्रॅक्टरवर मोठं इंजिन सुरू करायला एक छोटं पेट्रोल इंजिनच बसवलं. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा डब्ल्यूडी-40 तर स्वतःच पेट्रोलवर सुरू व्हायचा आणि मग डिझेलवर जायचा. एवढा खटाटोप केवळ पहिल्या काही फेऱ्यांसाठी.

मधल्या काळात स्टुटगार्टला रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात 1927 पासून इंजेक्शन पंपाचं नियमित उत्पादन सुरू झालं. हा इनलाइन पंप. जितके सिलेंडर तितके प्लंजर, एका रांगेत, खाली कॅमशाफ्ट. प्रत्येक प्लंजरवर तिरकी खाच कापलेली. रॅक सरकला की प्लंजर आपल्या जागी थोडा वळतो, आणि खाचेच्या तिरकेपणामुळे डिझेल कमी-जास्त सुटतं. थंडीच्या दृष्टीने यातली गोम अशी, की कॅम सावकाश फिरला तरी प्लंजरचा फटका पूर्णच बसतो. आणि दुसरं म्हणजे रॅक नेहमीच्या मर्यादेपलीकडे सरकवला, तर पूर्ण लोडलाही मिळत नाही इतकं जास्तीचं डिझेल सुरुवातीपुरतं देता येतं. गार सिलेंडरमध्ये बरंचसं डिझेल भिंतींना चिकटून राहतं. म्हणून जास्त टाकायचं, म्हणजे पेटण्याजोगं थोडं तरी हवेत तरंगेल.

1952 मध्ये डॅगनहॅमहून आलेल्या नव्या फोर्डसन मेजरच्या पंपावर यासाठी चक्क एक बटण होतं. बटण दाबायचं, थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि सेल्फ मारायचा. इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं. थंडीत हमखास सुरू होणारा म्हणून या ट्रॅक्टरचं नाव झालं ते आजतागायत टिकून आहे. जुने ट्रॅक्टर जपणाऱ्या इंग्रज शेतकऱ्यासमोर याला नावं ठेवून बघा!

पण इनलाइन पंप महाग. प्रत्येक प्लंजर आणि त्याचं बॅरल हजारांश मिलिमीटरच्या हिशेबाने एकमेकांत बसवायचं, आणि तेही चार-चार जोड्या. शिवाय सगळ्यांनी अगदी सारखं डिझेल द्यायला हवं. छोट्या ट्रॅक्टरच्या किमतीत हा पंप फार मोठा वाटा खायचा. इथे व्हर्नन रूसा या अमेरिकन माणसाची गोष्ट सुरू होते. त्याने सगळ्या सिलेंडरांना मिळून समोरासमोरच्या प्लंजरांची एकच जोडी ठेवली, ती फिरणाऱ्या रोटरमध्ये बसवली, आणि रोटरच पाळीपाळीने एकेका सिलेंडरला डिझेल वाटू लागला. हार्टफर्डहून 1952 मध्ये हा पंप बाजारात आला. इंग्लंडमध्ये सीएव्हीने त्याचं लायसन्स घेऊन डीपीए पंप काढला. आपण ज्याला नुसतं "रोटरी पंप" म्हणतो, तो हाच. लहान, स्वस्त, आतल्या डिझेलनेच वंगण होणारा.

थंडीत मात्र त्याची बाजू थोडी लंगडी. यात डिझेल आधी एक छोटा ट्रान्सफर पंप पुढे ढकलतो, आणि त्याचा दाब फेऱ्यांवर अवलंबून. सेल्फच्या संथ गतीला तो दाब जेमतेम. शिवाय जास्तीत जास्त डिझेल किती, हे प्लंजर बाहेर किती सरकू शकतात यावर आतच बांधलेलं. साध्या डीपीएला फोर्डसनसारखं बटण नाही. म्हणून मॅनिफोल्डमध्ये थर्मोस्टार्ट आला. चावी हीटवर धरली की कॉइल तापते, थोडं डिझेल ठिबकतं आणि पेटतं, आणि आत गरम हवा जाते. म्हणजे पंपात वाचवलेल्या पैशाचा काही भाग पुन्हा हीटरवर आणि बॅटरीवर गेला, आणि पहाटे चावी धरून उभं राहायचं काम शेतकऱ्याच्या वाट्याला आलं.

मग रोटरी वाईट का? इथेच मला फर्ग्युसन 35 ची साक्ष काढायची आहे. 1956 च्या या ट्रॅक्टरात स्टँडर्ड कंपनीचं चार सिलेंडरचं 23सी डिझेल इंजिन होतं आणि पंप सीएव्हीचा रोटरी. थंडीत सुरू होण्याच्या बाबतीत ते इतकं बदनाम झालं, की अजून त्याचे विनोद चालतात. 1959 मध्ये मॅसी फर्ग्युसनने पर्किन्स कंपनी विकत घेतली आणि त्याच 35 मध्ये पर्किन्सचं तीन सिलेंडरचं इंजिन बसवलं. पंप पुन्हा त्याच डीपीए घराण्यातला. आणि हा ट्रॅक्टर मात्र सुरू होण्यात गुणी म्हणून गाजला!

पंपाची जात तीच, मग फरक कशात? 23सी मध्ये फवारा सिलेंडरशेजारच्या वेगळ्या कोठडीत पडायचा. त्या कोठडीच्या गार भिंती उष्णता शोषून घेत. पर्किन्समध्ये तो थेट पिस्टनवरच्या खळग्यात. माझ्या मते फोर्डसनच्या यशातलंही बरंचसं श्रेय बटणाचं नसून या थेट फवाऱ्याचं आहे. पण बटण हाताला लागतं, कोठडी कुणाला दिसत नाही. नाव पंपाचं होतं, आणि बदनामीही त्याचीच.

आपल्याकडे दोन्ही घराणी आली. बेंगळुरूला 1951 मध्ये सुरू झालेल्या मायकोमुळे इनलाइन पंपाला खेड्यापाड्यांत "मायकोचा पंप" हेच नाव पडलं, आणि डीपीए "रोटरी" म्हणून राहिला. त्यांच्याबरोबर तो जुना संशयही आला. थंडीत इंजिन अडलं की पहिला पाना पंपाला. खरं तर आधी सेल्फ किती जोरात फिरतोय ते ऐकावं, वायरींची टोकं बघावीत, हीटर तापतोय का ते हाताने चाचपावं, डिझेलने हवा घेतली आहे का ते पाहावं. कॉम्प्रेशनची पाळी त्यानंतर. पंप अगदी शेवटी.

जाता जाता एक. झिजलेला रोटरी पंप थंडीपेक्षा उन्हाळ्यात जास्त उघडा पडतो. डिझेल तापून पातळ झालं की रोटरच्या फटीतून निसटतं, आणि सकाळी एका सेल्फमध्ये सुरू झालेला ट्रॅक्टर दुपारी बांधावर बंद केला की पुन्हा उठत नाही. तेव्हा जाणते फिटर पंपावर ओलं गोणपाट टाकतात आणि विडी ओढत बसतात. पंप निवला आणि ट्रॅक्टर उठला, तर मग पंप खुशाल शहरात पाठवा.