भिंतीवरचा साचा

पत्र्यात वा जाड कागदात आकृती कोरून, तिच्यावरून रंगाचा हात फिरवून तीच मुद्रा भिंतीभिंतीवर उमटविण्याची विद्या आज फवाऱ्याचे भडक रंग वापरणाऱ्या तरुण भित्तिचित्रकारांची म्हणून ओळखली जात असली, तरी आपल्या मुलुखात ती गावोगाव परिचित झाली ती निवडणुकीच्या चिन्हांमुळेच. मलिक अंबराच्या अमलात 1610 मध्ये खडकी म्हणून वसलेल्या छत्रपती संभाजीनगरास भिंतीचे माहात्म्य नवे नाही. येथून सुमारे शंभर किलोमीटरवर, अजिंठ्यात, माती व तुसाच्या लेपावर चुन्याचा पातळ थर देऊन, गेरूच्या रेषेने आखलेल्या आकृतींत ज्यांनी रंग भरले, त्या थोर कलावंतांची नावे काळाने राखली नाहीत.

27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने याच शहरातील मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव संमत केला, तेव्हापासून 14 जानेवारी 1994 च्या नामविस्तारापर्यंतच्या रक्तरंजित कालखंडात भिंत हेच निर्धनांचे वृत्तपत्र होते, आणि तिच्यावरील घोषणांना मी कलेच्या इतिहासात मानाचे स्थान देईन. पुढच्याच वर्षी, 1995 मध्ये, मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा राज्याचा अधिनियम आला. म्हणून साचा घेऊन निघणाऱ्या चित्रकारास आज रंगाआधी परवाना मिळवावा लागतो.