शाळेंतली चित्रकला आणि गांवचें गाणें

मुंबईहून पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्यास आली, हें आपणांस ठाऊक आहेच. त्याच वर्षीं सर जमशेटजी जीजीभाई यांनीं मुंबईंत कलाशाळा काढण्यासाठीं एक लाख रुपये देऊं केले. पुढल्या सालीं १ मे रोजीं गाडी कल्याणास पोंचली, आणि १९ जुलै रोजीं चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता निघाला. खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचें धोरण त्यांत होतें. अटी थोड्याच: स्थानिक कारभार नीट हवा, मुलांकडून थोडी तरी फी घ्यावी, आणि सरकारी तपासणी मान्य करावी.

या तपासणींतच सारें आलें. तपासनिसापुढें चित्राचा कागद ठेवतां येतो. तान कशी ठेवणार? मला वाटतें, म्हणूनच चित्रकला एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षांच्या वाटेनें शाळेंत स्थिरावली. गाण्याला तें स्थान मिळालें नाहीं. त्याची तजवीज रसिकांनाच करावी लागली. भास्करबुवा बखले यांनीं १९११ सालीं पुण्यास भारत गायन समाज स्थापिला. कल्याणकरांनीं १९२६ मध्यें आपला गायन समाज उभा केला, आणि पुढें बुवांच्या स्मरणार्थ देवगंधर्व महोत्सव चालविला.

आतां शास्त्रीय गायनाच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीस वाढीव गुण मिळतात. गाणें शाळेंत आलें तें अखेर परीक्षेच्याच दारानें. गाण्याच्या वर्गाची फी मात्र बहुधा घरूनच भरावी लागते, आणि ज्या घरीं ती परवडत नाहीं त्या मुलीला हे गुण नाहींत.