माळढोकाचा माळ

वाचकहो, आपल्यापैकी किती जणांनी माळढोक पाहिला असेल? कळंबोलीसारख्या खाडीकाठच्या गावी तो दिसायचा नाही. त्याचे घर घाटापलीकडे, कमी पावसाच्या गवताळ माळावर. उंची सुमारे एक मीटर. नर पंधरा किलोपर्यंतही भरतो. त्याला उडता येते, पण त्याचा दिवस जातो जमिनीवर चालण्यात. नाकतोडे, सरडे, धान्य, बोरे हे त्याचे खाणे. मादी उघड्या जमिनीवरच अंडे घालते, आणि तेही बहुधा एकच.

त्याच्या इतिहासाची मेख इथेच आहे. ज्याची वीण इतकी सावकाश, त्याचा एकेक जीव मोलाचा. आणि माणसाने काय केले? रॉबर्ट मॅन्सफील्ड या साहेबाने १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगर भागात (आजचा अहिल्यानगर जिल्हा) ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे!

पुढे बंदुकीपेक्षा मोठा घाव बसला तो 'पडीक' या शब्दाचा. माळ पडीक ठरला, मग कुठे नांगर फिरला, कुठे कालवा आला, कुठे दाट झाडे लागली. झाडे लावणे वाईट कसे, असे गुरुजी विचारतील. पण या पक्ष्याला दूरवर नजर पोचेल असे मोकळे रान लागते.

राष्ट्रीय पक्षी म्हणून डॉ. सलीम अली यांनी माळढोकच सुचवला होता. १९६३ साली मान मिळाला मोराला. १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली. १९७९ साली सोलापूरजवळच्या नान्नजसह ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. पण त्यात गावेच्या गावे आणि लोकांची शेते आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, तसा शेतकरी नाराज झाला. पक्षी वाचवायचा तर त्याचा भार एकट्या कुणब्याने का सोसावा? हा सवाल रास्त होता. पुढे अभयारण्याचे क्षेत्र पुष्कळच कमी करावे लागले.

आज देशभरात दोनशेहूनही कमी माळढोक उरले असावेत, बहुतेक राजस्थानात. तिथे विजेच्या तारांना धडकून ते मरतात. २०१९ पासून जैसलमेरकडे अंडी उबवून पिले वाढवण्याचा प्रयत्न चालू आहे. पण पिले वाढली तरी ती सोडायची कुठे? त्यांना माळ हवा.

तेव्हा गुरुजी, मुलांना एकदा गावच्या गायरानावर न्या. तिथे काय काय जगते ते मोजायला सांगा. मग 'पडीक' म्हणायचे की नाही, ते मुलेच ठरवतील.