बुद्ध्यांक: भागाकार हरवलेला शब्द

काटेकोर व्याकरणी ‘बुद्ध्यांक’ शब्दावर लाल रेघ मारेल. बुद्धि अधिक अंक म्हणजे ‘बुद्ध्यंक’. बहुधा ‘गुणांका’च्या संगतीने त्याला काना चिकटला, आणि आता तो उतरणार नाही.

‘बुद्धी’ आली ‘बुध्’ धातूपासून: जागे होणे, जाणणे. बोध, बुद्ध, प्रबोधन ही तिची भावंडं. ‘अंक’ मात्र फसवा. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये सुचवलेल्या मूळ शब्दात अंक नव्हता, भागाकार होता. मानसिक वय भागिले खरे वय. अमेरिकेत लुइस टर्मन यांनी १९१६ मध्ये त्याला शंभराने गुणले. आठ वर्षांची मुलगी दहा वर्षांच्या मुलांइतकी कोडी सोडवते? १२५.

पण चाळिशीतल्या गृहस्थांचे काय करायचे? मानसिक वय काही दर वाढदिवसाला वाढत नाही. म्हणून डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ च्या चाचणीत भागाकारच मोडीत काढला. समवयस्कांची सरासरी १०० धरायची, प्रमाण विचलन १५, आणि माणूस सरासरीपासून किती दूर आहे ते पाहायचे. म्हणजे आपला ‘अंक’ नकळत बरोबर ठरला!

जुना भागाकार मराठी आणि कानडी मुलांपर्यंत पोचला तो बिने-कामत चाचणीतून.