नाक्यावरची पोरं

परवा भाच्याने विचारलं, "मामा, 'नीट' म्हणजे काय?" मला वाटलं डॉक्टरकीची परीक्षा. पण त्याच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं 'नीट' वेगळंच निघालं. शिक्षणात नाही, नोकरीत नाही आणि प्रशिक्षणातही नाही, अशा तरुणांसाठी इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलेला शब्द. ब्रिटनमध्ये १९९९ च्या एका सरकारी अहवालानंतर तो रूढ झाला. ज्याचं काहीच नीट चाललेलं नाही त्याला 'नीट' म्हणायचं, गंमतच आहे!

त्याला समजावताना मला मात्र दादा आठवत राहिला. माझा मावसभाऊ.

दादा लालबागच्या चाळीत वाढला. काका गिरणीत, साचेखात्यात. १९८० साली दादा दहावीला गचकला, तेव्हा घरात फार रडारड झाली नाही. कारण वाट ठरलेली होती. वडील नाहीतर चुलता जॉबरच्या कानावर घालणार, पोराला बदलीचं कार्ड मिळणार. मग रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम, नाहीतर घरी परत. अशी काही वर्षं काढली की कधीतरी नोकरी कायम. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली उभी राहिली, त्यानंतर कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी पिढ्या अशाच आत शिरल्या.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करा, मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, अशा मागण्या. हा संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, असं म्हणतात ते खरंच आहे. लाखाहून जास्त लोकांची नोकरी गेली. बरेच जण गावी परतले, काही भाजी विकायला बसले.

हे सगळं तुम्ही वाचलेलं असेल. पण माझ्या डोक्यात घोळतंय ते वेगळंच. दादाची नोकरी गेली नव्हती. ती लागलीच नव्हती! तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि त्याचं कार्ड यायचं होतं. म्हणजे तो संपकरी नाही, बडतर्फ नाही, नुकसानभरपाईचा धनी तर नाहीच नाही. ज्या शिडीवर पाय ठेवायचा तीच कुणीतरी काढून घेतली, पण शिडीवरून पडलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नाही.

मग राहिला नाका. नाका संपामुळे जन्माला आला असं मी म्हणणार नाही. भाऊ पाध्यांची 'वासूनाका' १९६५ सालची आहे. पण पूर्वी नाक्यावरच्या पोराला आज ना उद्या भोंगा बोलावणार, हे माहीत असायचं. भोंगाच बंद झाल्यावर तोच नाका वेगळा झाला. कॅरम, मंडळ, व्यायामशाळा आणि काहींच्या बाबतीत टोळी. जयंत पवारांचं 'अधांतर' पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे मावशीचंच घर आहे.

१९८७ साली मी दहावी पास झालो. पेढे द्यायला मावशीकडे गेलो. दादाने विचारलं, "मग, पुढे काय?" मी म्हणालो, "काहीही, पण तुझ्यासारखं नाक्यावर उभं राहणार नाही." घरात जे रोज ऐकत होतो तेच बोललो. दादा हसला. त्याने पेढा घेतला, अर्धा मोडून मला भरवला. मावशी आत निघून गेली.

त्याला काम मिळालं १९९१ साली, एका कुरिअरच्या ऑफिसात. म्हणजे नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांना आमच्या घरात एकच शब्द होता, 'आळस'.

आणि ताईला तर तोही शब्द नव्हता. दादाची धाकटी बहीण. आठवीनंतर शाळा सुटली, मग संप काळात मावशीबरोबर पोळ्या लाटणं, डबे भरणं. तिला कुणी कधी बेकार म्हणालं नाही. भाच्याला मी हेही सांगितलं की आज जगभरातल्या 'नीट' तरुणांत तीनापैकी दोन मुली आहेत. "त्या घरी असतात ना," तो म्हणाला. हो रे बाबा, तेच तर!

गेल्या महिन्यात दादाकडे गेलो होतो. काका आता नाहीत. गिरणी कामगारांच्या घरासाठी वारस म्हणून तो कागद जमवतोय. काकांचं तिकीट, पगाराची पावती, खात्याचं नाव, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. १ जानेवारी १९८२ ला वा त्यानंतर हजेरीपटावर नाव असलं पाहिजे, अशी अट आहे. काकांचं आहे. दादाचं कुठल्याच पटावर नाही.

त्या पेढ्याबद्दल बोलावं म्हणून गेलो होतो. बोललो. तो म्हणाला, "मला आठवतसुद्धा नाही रे."

त्याला आठवतं, हे मला ठाऊक आहे. असो. घरातलं कुणी हे वाचत असेल तर एवढंच सांगायचंय, दादा आळशी नव्हता.