चावडीच्या भिंतीतील पाटी

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या चावडीत शिरले की उजव्या हाताच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसविलेली दिसते. लांबी हातभर, रुंदी वीतभर. तिच्यावरील मजकूर असा की, १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास या गावातून इतके लोक गेले व त्यांपैकी इतक्यांनी आपले प्राण दिले. गेलेल्यांचा आकडा दोन अंकी आहे. न परतलेल्यांचा एका हाताच्या बोटांवर मोजावा एवढा. अशा पाट्या त्या वेळच्या सरकारने हिंदुस्थानात गावोगाव बसविल्या. लहानपणी आम्ही पोरे विटीदांडूचा हिशेब त्या पाटीवर कोळशाने मांडीत असू आणि चावडीचा म्हातारा राखणदार आमच्या पाठीत धपाटे घालून तो पुसून काढी. पाटीवर नाव एकाचेही नव्हते. जिथे नुसते आकडेच आहेत, तिथे आणखी दोन आकडे लिहिले तर बिघडले काय, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटे.

त्यातील दुसऱ्या आकड्यात आमच्या घरचाही एक माणूस आहे, हे मला कळायला वयाची तेरा वर्षे जावी लागली.

माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाची बायको आमच्याच घरात असे. तिला सारे घर ‘थोरली आई’ म्हणे. कपाळावर रुपयाएवढे कुंकू, हातात हिरवा चुडा आणि दिवसभर कामाचा उरक. तिचा नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी पलटणीतून बसऱ्याला गेला, एवढेच आम्हांस ठाऊक. महिन्याच्या महिन्याला तिच्या नावे थोडी पेन्शन येई. पोस्टमन पेन्शन म्हणे, थोरली आई मात्र तिला ‘ह्यांचा पगार’ म्हणे. नवऱ्याचे नाव तिने कधी घेतले नाही. त्या काळी ते कोणतीच बाई घेत नसे, त्यामुळे त्यात कुणाला नवल वाटले नाही. नवल वाटावे असे एवढेच होते की, पितृपंधरवड्यात घरच्या साऱ्या मेलेल्यांची पाने वाढली जात, पण त्यांच्या नावाचे पान नसे. ज्याचे मढे पाहिले नाही, त्याचा म्हाळ घालायचा नाही, असा थोरल्या आईचा हट्ट होता आणि आजोबा तिच्या शब्दाबाहेर नव्हते.

आमच्या देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी एक वाटोळी, वीतभर व्यासाहून थोडी लहान अशी जड तबकडी होती. तिच्यावर हातात शूळ घेतलेली एक उभी स्त्री आणि तिच्यापुढे सिंह. सिंह म्हटल्यावर देवीच! थोरली आई तिला रोज हळदकुंकू वाही. १९६० च्या सुमारास, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात चिंच आणि राख घेऊन देव उजळण्याचे काम माझ्याकडे आले. मी नुकताच इंग्रजी शिकू लागलो होतो. वर्षानुवर्षांचे कुंकवाचे थर सुटले आणि तबकडीच्या कडेने इंग्रजी अक्षरे वर आली. मी शाळकरी ऐटीत अर्थ लावून मोठ्याने सांगितला : “स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी हा मरण पावला.” मग शूळधारी देवीशेजारच्या चौकटीतील नाव वाचले. नाव होते आमच्या आडनावाचे.

थोरली आई चुलीपाशी बसली होती. ती उठून आली. “पुन्यांदा वाच,” म्हणाली. मी वाचले. “आनि एकदा.” मी पुन्हा वाचले. चार वेळा वाचल्यावर तिने तबकडी माझ्या हातातून घेतली, पदराने पुसली आणि जागच्या जागी ठेवून दिली. बोलली काहीच नाही. पुढल्या भाद्रपदात मात्र तिने आजोबांना सांगितले, “चतुर्दशीला एक पान जास्ती वाढा.” शस्त्राने मेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी असते, हे वाचकांस ठाऊक असेलच. कुंकू तिने पुसले नाही आणि पूस असे तिला कोणी म्हटलेही नाही.

ती देवी म्हणजे ब्रिटानिया, इंग्रजांच्या राष्ट्राची मूर्ती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या वारसांना अशा तेरा लाखांहून अधिक काशाच्या तबकड्या पाठविण्यात आल्या. त्यांवर हुद्दा मुद्दाम घातला नव्हता. मरणात सारे समान, असा त्यामागे विचार होता. विचार उदात्त खरा. पण ज्या घरात इंग्रजी वाचणारा कोणी नाही, तिथे नाव पाठविणे आणि न पाठविणे सारखेच झाले. आणि ‘स्वातंत्र्य’ कोणाचे, हा प्रश्न विचारायला तर तेव्हा घरात कोणी पुरुषमाणूसही मोकळे नव्हते!

बसऱ्याची ती मोहीम आपल्या मराठी मुलखाशी किती जवळून बांधलेली होती, हे पुढे वाचनात आले. १९१४ च्या नोव्हेंबरात इराणी आखाताच्या माथ्याशी फाव येथे जी फौज उतरली, ती सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनची. ११७ वी मराठा पलटण, १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री या तिन्ही त्याच डिव्हिजनमध्ये होत्या. त्या महिन्यातच बसरा पडले. पुढच्या वर्षी तैग्रिस नदीच्या काठाने फौज वर सरकत गेली आणि बगदाद दृष्टीच्या टप्प्यात आले असता, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे तिला असा तडाखा बसला की, लढणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माणसे पडली वा जखमी झाली. उरलेले मागे फिरून कुत-अल-अमारा येथे शिरले. ७ डिसेंबरास तुर्कांनी वेढा आवळला.

तो वेढा जवळजवळ पाच महिने चालला. थंडी, चिखल, नदीचा पूर आणि उपासमार. धान्य संपत आले तेव्हा पलटणीचे घोडे मारून खाण्याची वेळ आली; हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी ते मांस दिवसेंदिवस नाकारले आणि मूठभर जवाच्या पिठावर पहारे दिले. सोडवणुकीस निघालेल्या फौजेचे वीस हजारांहून अधिक लोक वाटेत मेले वा जखमी झाले, पण वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सेनापती टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांत बहुसंख्य आपली. त्यांना वाळवंटातून शेकडो मैल चालविण्यात आले, रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले, आणि त्यांतील हजारो परत आली नाहीत.

त्या मुलखात पडलेल्यांसाठी १९२९ साली बसऱ्याजवळ शात-अल-अरबच्या काठी एक मोठे स्मारक उभारले गेले. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक. हुद्दा, वंश, धर्म यांचा भेद न करता प्रत्येकास सारखाच मान द्यायचा, हे ते उभारणाऱ्या युद्धसमाधी आयोगाचे जाहीर तत्त्व होते. प्रत्यक्षात तिथे गोऱ्या शिपायाचे नाव कोरले गेले, हिंदी अंमलदाराचेही कोरले गेले. पण साध्या हिंदी शिपायापुरता पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा घातला. याच आयोगाने १९२७ साली फ्रान्समध्ये नव-शापेल येथे हिंदी सैनिकांचे सुंदर स्मारक बांधले, आणि तिथे मात्र साध्या शिपायांची नावे आहेत. फ्रान्समध्ये युरोपातील प्रवासी येणार, दगड वाचणार. बसऱ्यास कोण येणार होते? आमच्या थोरल्या आईला तर तालुक्याचा गावही दूर होता.

पुढे १९९७ साली इराकच्या राजवटीने ते स्मारक मूळ जागेवरून उचलून वाळवंटात दूर नेऊन उभे केले. अखेर २०२१ साली आयोगाच्याच चौकशी समितीने कबुली दिली की, आशिया आणि आफ्रिकेतील ४५ ते ५४ हजार मृतांच्या बाबतीत स्मरणाची समानता पाळली गेली नाही, आणि याहून कितीतरी अधिकांची नावानिशी नोंदच झाली नाही. आयोगाने क्षमा मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली हे बरे झाले.

येथे कोणी म्हणेल की, आपल्याकडे तरी वीरांची नावे कुठे लिहिली जात? आपल्या गावोगावच्या वेशीवर, देवळांच्या आवारात वीरगळ उभे आहेत. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेत आहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. मुंबईनजीक बोरिवलीच्या एकसर गावी तर जहाजांच्या लढाईचे वीरगळ आहेत. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. हे खरेच, पण वीरगळ उभा राही तो त्या वीराच्या माणसांत. हा दगड कोणाचा, हे गावाला तोंडपाठ असे. पिढ्या लोटल्या, घराणी उठून गेली, तेव्हा दगडही मुका झाला. बिननावाच्या दगडाचे आयुष्य त्याला ओळखणाऱ्या माणसांएवढेच असते. बसऱ्याचा दगड ज्यांनी उभारला, ते त्या शिपायांना ओळखत नव्हते. जे ओळखत होते, त्यांनी तो दगड कधी पाहिला नाही.

आकड्याने आणखीही एक गोष्ट झाकली. आमच्या पाटीवरील पहिल्या आकड्यात महारवाड्यातील माणसेही होती. महारांची फौजेतील भरती सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. माणसे कमी पडू लागताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्धानंतर मोडूनही टाकली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १९४१ साली, दुसऱ्या युद्धात. चावडीच्या पाटीवरील आकड्यात शिवाशिव नव्हती. मात्र ज्यांना त्यात मोजले होते, त्यांना ती पाटी वाचायला चावडीचा ओटा चढण्याची मुभा नव्हती.

दुसऱ्या युद्धापर्यंत रीत थोडी पालटली. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले, तो घेतला आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचीही समाधी सापडलेली नाही; पण कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. स्वतंत्र भारताने २०१९ साली दिल्लीस जे राष्ट्रीय युद्धस्मारक उभारले, त्यात आरंभीच २५,९४२ नावे ग्रॅनाइटवर कोरली. शिपाई असो की सेनापती, प्रत्येकाचे नाव. मी ते पाहून आलो. एक खेडवळ म्हातारी आपल्या माणसाच्या नावावरून बोट फिरवीत उभी होती. तिला वाचता येत नसावे. सोबतच्या मुलाने जागा दाखवून दिली होती. मला देवघरातील तबकडी आठवली.

१९१४ ची माणसे मात्र त्या भिंतीवर नाहीत. ती आपल्या स्वातंत्र्याच्या आधीची. सातारा तालुक्यातील अपशिंगे या एका गावाची ४६ माणसे त्या युद्धात पडली आणि गावाने ती आठवण अशी जपली की, गावाचे नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ पडले. पण प्रत्येक गावाला ते साधले नाही. ही माणसे परक्या राजासाठी लढली, त्यांचे कौतुक कशाला, असा प्रश्न तरुण मंडळी मला विचारतात. त्यांना मी म्हणतो, बाबांनो, युद्ध कोणाचे होते याचा हिशेब इतिहासाने जरूर मांडावा. पण घरातून गेलेला माणूस आपला होता, याबद्दल तर वाद नाही ना? साम्राज्याने त्याचा आकडा केला. आपणही त्याला आकडाच राहू दिले, तर त्या साम्राज्यात आणि आपल्यात फरक तो काय उरला?

सुदैवाने नावे अगदीच नष्ट झालेली नाहीत. आयोगाच्या नोंदवह्यांत शिपायाचे नाव, पलटण, आणि कित्येकदा बापाचे नाव व गावही आढळते. आता ते घरबसल्या पाहता येते. माझ्या पुतण्याने संगणकावर शोध घेतला, तेव्हा आमच्या माणसाच्या नावाचे तिघे निघाले. तिघेही मराठा पलटणींतले, तिघेही इराकात पडलेले, आणि एकाच्याही पुढे गाव लिहिलेले नाही. आमचा त्यांतील कोणता? तबकडीवर हुद्दा नाही, पलटण नाही. थोरली आई असती, तर म्हणाली असती, तिघांचीही पाने वाढा. तसेच आम्ही करतो. घातचतुर्दशीला तीन पाने असतात.

दोन वर्षांपूर्वी गावाने ठराव केला आणि जुन्या पाटीखाली एक काळी शिळा बसविली. म्हाताऱ्यांच्या आठवणी, जुनी पेन्शनची पुस्तके आणि त्या नोंदवह्या ताडून न परतलेल्या सर्वांची नावे तीवर मराठीत कोरली, महारवाड्यातील दोघांचीही. उद्घाटनाला पुढारी कोणी बोलावला नाही. धनत्रयोदशीच्या सांजेला, यमदीपाच्या वेळी, ज्या त्या घरातील बाईने कणकेचा एकेक दिवा आणून दक्षिणेकडे वात करून ठेवला, एवढाच समारंभ झाला.

चावडीला लागूनच आता बालवाडी भरते. अक्षरे जुळवायला शिकलेली पोरे भिंतीपाशी उभी राहून हाताला लागेल ते वाचीत असतात. आमच्या थोरल्या आईने जे नाव जन्मभर घेतले नाही, ते त्यांतले कोणीतरी रोज मोठ्याने, काना-मात्रा चुकवीत, पुन्हा पुन्हा वाचते. त्यांच्या पाठीत धपाटा घालायला आता कोणी राखणदार नाही, आणि त्याची गरजही नाही.